निषेध करून काय होतं हो ताई?

मागच्या अंकात युक्रेनच्या युद्धात रशियाच्या बाजूने लढायला गेलेल्या उत्तर कोरियाच्या सैनिकांवर मी जेमतेम चार ओळी लिहिल्या होत्या, त्यावर तुम्ही इतकी पत्रं आणि मेसेज पाठवलेत की या वेळी सदरात दुसरा विषयच नाही. काहींनी चिडून लिहिलंय, काहींना खरंच समजून घ्यायचंय, एका काकांनी तर सहा पानं पाठवलीत आणि त्यातली दोन माझा समाचार घेण्यात गेलीत. ती दोन सोडून बाकीचं घेते.

प्रश्न : ताई, डिसेंबर २०२४ मध्ये दहा देश आणि युरोपियन युनियनने मिळून निषेध केला की उत्तर कोरिया रशियाला सैनिक आणि तोफगोळे पुरवतोय. पुढे काय झालं? सैनिक परत गेले? नाही ना. मग हे निषेध-बिषेध म्हणजे पालथ्या घड्यावर पाणीच की. (इंजिनिअरिंगचा विद्यार्थी, सांगली)

उत्तर : अर्धं बरोबर आहे तुझं. ते निवेदन १६ डिसेंबरचं. ऑस्ट्रेलिया, कॅनडा, फ्रान्स, जर्मनी, इटली, जपान, दक्षिण कोरिया, न्यूझीलंड, ब्रिटन आणि अमेरिका यांचे परराष्ट्रमंत्री, वर युरोपियन युनियनच्या परराष्ट्र धोरणप्रमुख. भाषा चांगली कडक होती. क्षेपणास्त्रं आणि तोफगोळे पाठवणं, रशियाने त्या सैनिकांना ट्रेनिंग देणं, त्यांना युक्रेनविरुद्ध लढाईत उतरवणं, सगळं एकेक करून मांडलेलं, आणि सैनिक मागे घ्या ही मागणी. किम जोंग उनने ते वाचून कुणाला परत बोलावलं नाही हे उघडच आहे, उलट २०२५ च्या सुरुवातीला आणखी तीनेक हजार पाठवले.

पण त्याच दिवशी आणखी एक गोष्ट झाली, ती बातमीत पार खाली असते म्हणून आपल्या नजरेतून सुटते. युरोपियन युनियनने रशियावरच्या निर्बंधांचं पंधरावं पॅकेज मंजूर केलं आणि त्यात उत्तर कोरियाचे संरक्षणमंत्री नो क्वांग चोल आणि लष्कराचे उपप्रमुख किम योंग बोक यांची नावं घातली. अमेरिकेच्या ट्रेझरी खात्यानेही त्याच दिवशी आपली यादी काढली. आता तू म्हणशील प्योंगयांगच्या जनरलचं युरोपात कुठे बँक खातं असणारे, त्याला काय घंटा फरक पडतो. त्याला नाहीच पडत. पण त्याच्यासाठी पैसे फिरवणारी तिसऱ्याच देशातली बँक, जहाजाचा विमा उतरवणारी कंपनी, मध्ये बसलेला दलाल, यांना पडतो, कारण त्यांना उद्या पुन्हा डॉलरमध्ये धंदा करायचा असतो.

माझ्या मते निषेध म्हणजे पंचनामा. पंचनामा केला म्हणून चोरीचा माल परत येत नाही, पण तो झालाच नाही तर पुढे केस उभी राहत नाही, विम्याचा क्लेम अडकतो, आणि पाच वर्षांनी चोरच सांगत सुटतो की असं काही घडलंच नव्हतं. नुसता पंचनामा करून पोलीस घरी गेले तर मात्र तुझा घडा पालथाच राहणार, त्यात वाद नाही.

प्रश्न : उत्तर कोरियातलं तर चिटपाखरू बाहेर येत नाही म्हणतात. मग सैनिक रशियात आले हे जगाला कळलं कसं? आणि अमेरिकेने सांगितलं म्हणून आपण मानायचं का? इराकच्या वेळी काय झालं ते आम्ही विसरलेलो नाही. (निवृत्त शिक्षिका, रत्नागिरी)

उत्तर : बाई, इराकची आठवण काढलीत ते बरं केलंत, तिथल्या महाविनाशक शस्त्रांचा अमेरिकेचा दावा पोकळ निघाला, त्यामुळे २००३ नंतर अशा दाव्यांवर डोळे झाकून विश्वास ठेवायला कुणी तयार नसतं आणि नसावंच. पण इथे पुरावे नुसत्या गुप्तचरांच्या तोंडचे नव्हते.

सैनिक यायच्या आधी माल आला. उत्तर कोरियाच्या राजिन बंदरातून अंगारा नावाचं रशियन जहाज कंटेनर भरून रशियाच्या दुनाई बंदरात यायचं आणि तिथून माल रेल्वेने आत जायचा, याचे सॅटेलाइट फोटो २०२३ च्या ऑक्टोबरमध्येच बाहेर आले होते. मग २ जानेवारी २०२४ ला खारकीव्ह शहरावर एक क्षेपणास्त्र पडलं. त्याचे तुकडे शस्त्रास्त्रांचा माग काढणाऱ्या एका ब्रिटिश संस्थेच्या लोकांनी हातात घेऊन तपासले, तर एका तुकड्यावर कोरियन लिपीतलं अक्षर आणि दुसरीकडे ११२ हा आकडा. उत्तर कोरियात देशाचा संस्थापक किम इल सुंगच्या जन्मवर्षापासून, म्हणजे १९१२ पासून, वर्षं मोजतात, त्या हिशोबाने ११२ वं वर्ष म्हणजे २०२३. कारखान्यातून निघालं आणि काही महिन्यांत युक्रेनच्या शहरावर पडलं. पुढे संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञांनीही खारकीव्हला जाऊन ते अवशेष पाहिले आणि क्षेपणास्त्र उत्तर कोरियाचंच आहे असं लिहून दिलं.

यातला खरा मासलेवाईक भाग पुढे आहे. त्याच क्षेपणास्त्रात बाहेरच्या देशांचे इलेक्ट्रॉनिक पार्ट सापडले २९० च्या वर, आणि त्यातले पाऊणएक अमेरिकेत नोंदलेल्या कंपन्यांचे! म्हणजे ज्यांनी सगळ्यात मोठ्याने निषेध केला त्यांच्याच दुकानातून सुटा माल फिरत फिरत तिकडे पोचला होता. कंपन्यांनी मुद्दाम विकला असं नाही, चार हातांतून जातो तो, पण निर्बंधांना किती भोकं आहेत ते त्या एका क्षेपणास्त्रात दिसलं.

सैनिकांचं म्हणाल तर १८ ऑक्टोबर २०२४ ला दक्षिण कोरियाच्या गुप्तचर खात्याने पहिल्यांदा सांगितलं, की १५०० जण रशियाच्या नौदलाच्या जहाजांतून व्लादिवोस्तोकला नेलेत, अंगावर रशियन गणवेश, आणि खिशात याकूतिया, बुर्यातिया भागातल्या रशियन लोकांच्या नावाची खोटी ओळखपत्रं, कारण तिथल्या लोकांचे चेहरे मिळतेजुळते. मॉस्कोने आधी फेक न्यूज म्हणून कानावर हात ठेवले. २३ ला अमेरिकेच्या संरक्षणमंत्र्यांनी दुजोरा दिला, २८ ला नाटोचे प्रमुख मार्क रुटे यांनी, की ते आता रशियाच्या कुर्स्क प्रांतात आहेत. मधे २४ तारखेला रशियातल्या कझानला ब्रिक्सच्या बैठकीत पुतिनना पत्रकाराने सॅटेलाइट फोटोंबद्दल थेट विचारलं तर ते म्हणाले, फोटो असतील तर त्यात काहीतरी असेलच की. नाही पण म्हणाले नाहीत आणि हो पण म्हणाले नाहीत.

आणि मग २६ एप्रिल २०२५. रशियाचे सैन्यप्रमुख गेरासिमोव्ह यांनी पुतिनना व्हिडिओवर रिपोर्ट देताना उत्तर कोरियाच्या सैनिकांचं नाव घेऊन कौतुक केलं, दोनच दिवसांनी प्योंगयांगनेही छाती फुगवून कबूल केलं, शहीद वीर वगैरे. सहा महिने जे खोटं होतं ते एका शनिवारी खरं झालं. तेव्हा बाई, या बाबतीत अमेरिकेवर विश्वास ठेवायची गरजच उरली नाही, ज्याच्यावर आरोप होता त्यानेच जबानी दिली.

प्रश्न : कायद्याच्या अंगाने विचारतो. दोन सार्वभौम देशांनी संरक्षण करार केला, एकावर हल्ला झाला, दुसरा मदतीला आला. कुर्स्क हा रशियाचाच प्रांत आहे, युक्रेनचं सैन्य तिथे घुसलं होतं. मग यात बेकायदा काय? (वकील, नाशिक)

उत्तर : वकीलसाहेब, रशियाची बाजू तुम्ही त्यांच्या राजदूतापेक्षा नीट मांडलीत. करार झाला १९ जून २०२४ ला प्योंगयांगमध्ये, त्याचं चौथं कलम असं की एकावर सशस्त्र हल्ला झाला तर दुसऱ्याने लगेच लष्करी मदत द्यायची. आणि युक्रेनची फौज ६ ऑगस्ट २०२४ ला कुर्स्कमध्ये शिरली हेही खरं. पण ही तारीख पकडून केस सुरू करता येत नाही ना, युद्ध सुरू झालं २४ फेब्रुवारी २०२२ ला आणि ते कुणी केलं यावर २ मार्च २०२२ ला संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत मतदान झालंय, १४१ देश एका बाजूला आणि विरोधात पाच : रशिया, बेलारूस, उत्तर कोरिया, इरिट्रिया, सीरिया. आधी दुसऱ्याच्या घरात शिरायचं आणि त्याने उलटून आपल्या अंगणात पाऊल टाकलं की स्वसंरक्षणाचा अर्ज करायचा, हे तुमच्या कोर्टात तरी चालतं का?

हे सगळं बाजूला ठेवलं तरी एक मुद्दा शिल्लक राहतोच, आणि माझ्या मते तोच सगळ्यात भक्कम आहे. उत्तर कोरियाने ऑक्टोबर २००६ मध्ये पहिली अणुचाचणी केली, त्यानंतर आठवड्याच्या आत सुरक्षा परिषदेने ठराव १७१८ एकमताने केला, पुढे २००९ चा १८७४ आला, त्यांनी उत्तर कोरियाकडून शस्त्रं घेण्यावर बंदी घातली. २०१६ च्या ठराव २२७० ने लष्करी ट्रेनिंगची देवाणघेवाणही बंद केली. या प्रत्येक ठरावाला रशियाचं मत बाजूने आहे, त्यांच्याच प्रतिनिधीने हात वर केलाय. तेव्हा उत्तर कोरियाचा एक तोफगोळा घेणं म्हणजे स्वतःच सही केलेला कागद फाडणं, मग तो गोळा कुर्स्कमध्ये पडो की युक्रेनच्या डोनेत्स्कमध्ये.

मार्च २०२४ मध्ये तर कमाल झाली. या निर्बंधांवर लक्ष ठेवणारं तज्ज्ञांचं पॅनल होतं, दरवर्षी मुदत वाढायची. रशियाने व्हेटो वापरला, बाजूने १३ मतं, चीन तटस्थ, आणि ३० एप्रिलला पॅनल बंद. ज्या तज्ज्ञांनी खारकीव्हचे तुकडे तपासले तेच हे. चोर तो चोर वर शिरजोर म्हणतात ते हे. मग ११ देशांनी ऑक्टोबर २०२४ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या बाहेर आपलं वेगळं निगराणी पथक उभं केलं आणि त्यांचा पहिला रिपोर्ट मे २०२५ ला आला : एकट्या २०२४ मध्ये नव्वद लाखांपर्यंत तोफगोळे आणि रॉकेट, किमान १०० बॅलिस्टिक क्षेपणास्त्रं, ११ हजारांवर सैनिक. निषेधाच्या पत्रकापेक्षा मला हे काम जास्त मोलाचं वाटतं, कारण त्यात माल, जहाज, बंदर, बँक अशी नोंद आहे.

तुम्हाला संदर्भ हवे असतील म्हणून सांगते, आक्रमणाची व्याख्या आमसभेने १९७४ मध्ये ठराव ३३१४ ने केली आहे, त्यात स्वतःची जमीन दुसऱ्याला हल्ल्यासाठी वापरू देणं हेसुद्धा आक्रमणच धरलंय. बेलारूसने स्वतःचा सैनिक पाठवला नाही तरी त्याच्या हद्दीतून रणगाडे कीव्हकडे गेले, म्हणून २०२२ च्या ठरावात त्याचं वेगळं नाव आहे.

प्रश्न : अमेरिका आणि युरोपने युक्रेनला अब्जावधींची शस्त्रं दिली तर ती मदत, आणि उत्तर कोरियाने दिली तर निषेध? आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं? (व्यापारी, नागपूर)

उत्तर : भाऊ, ज्याच्यावर हल्ला झाला त्याला मदत करणं आणि ज्याने हल्ला केला त्याला मदत करणं, यात संयुक्त राष्ट्रांच्या सनदेच्या ५१ व्या कलमाने फरक केलाय, तो अमेरिकेने काढलेला नाही. एवढं मान्य करून पुढे बोलू.

पुढे मात्र तुमचंच खरं. इराकवर २००३ ला हल्ला झाला तेव्हा जे देश अमेरिकेसोबत सैन्य घेऊन गेले त्यांचा असा सामूहिक निषेध कुणी केला? येमेनवर वर्षानुवर्षं बॉम्ब पडत होते ती विमानं आणि बॉम्ब कुठले होते? गाझाचं तर बोलायलाच नको. आग्नेय आशिया, आफ्रिका, लॅटिन अमेरिका इथले देश हेच विचारतात आणि त्यांना उत्तर मिळत नाही, म्हणूनच पश्चिमेच्या पत्रकांवर सही करायला ते पुढे येत नाहीत. डिसेंबरच्या त्या यादीत बघा ना, आफ्रिकेतला एक देश नाही, आशियातले दोन आणि दोघेही अमेरिकेचे मित्र.

आणि यावर कडी म्हणजे २४ फेब्रुवारी २०२५. युद्धाला तीन वर्षं झाली म्हणून युक्रेन आणि युरोपने आमसभेत ठराव आणला, रशियाच्या आक्रमणाचं नाव घेऊन. बाजूने ९३, विरोधात १८, तटस्थ ६५. आणि त्या १८ मध्ये रशिया, बेलारूस, उत्तर कोरिया यांच्या शेजारी कोण, तर अमेरिका! अवघ्या दहा आठवड्यांपूर्वी प्योंगयांगचा शक्य तितक्या तीव्र शब्दांत निषेध केलेली अमेरिका. मधल्या काळात व्हाइट हाऊसमधला माणूस बदलला, बाकी काही बदललं नव्हतं, कुर्स्कमध्ये कोरियन पोरं तेव्हाही मरतच होती. १४१ चे ९३ झाले ते काही रशिया निर्दोष ठरला म्हणून नाही.

तेव्हा निषेध करणाऱ्याचे खायचे दात आणि दाखवायचे दात वेगळे असू शकतात, नव्हे असतातच. पण म्हणून ज्याचा निषेध केला ते कृत्य चांगलं ठरत नाही. दोन्ही एकदम खरं असू शकतं आणि इथे आहे.

प्रश्न : यात भारताने काय केलं? आपण का बोलत नाही? (कॉलेजमधल्या प्राध्यापिका, सोलापूर)

उत्तर : २०२२ पासून या विषयावरच्या मोठ्या मतदानांत भारत तटस्थ राहिलाय, २०२५ च्या फेब्रुवारीतही. कारणं सगळ्यांना पाठ आहेत, शस्त्रांचे सुटे भाग, स्वस्त तेल, आणि चीनच्या कुशीत रशिया आणखी जाऊ नये ही काळजी. पंतप्रधानांनी सप्टेंबर २०२२ मध्ये समरकंदला पुतिनना तोंडावर सांगितलं की आजचा काळ युद्धाचा नाही, तेवढं आपल्या खात्यावर आहे.

पण तुम्हाला जुनी गोष्ट सांगते, कारण हा प्रश्न आपल्यापुढे पहिल्यांदा आलाय असं नाही आणि गंमत म्हणजे तेव्हाही कोरियाच होता. १९५० च्या जूनमध्ये उत्तर कोरियाने दक्षिणेवर हल्ला केला, सुरक्षा परिषदेने तो थांबवा असा ठराव केला आणि भारताने बाजूने मत दिलं. शरद ऋतूत संयुक्त राष्ट्रांची फौज अमेरिकेच्या नेतृत्वात उत्तरेत घुसायला लागली तेव्हा चीनमधले आपले राजदूत सरदार पणिक्कर यांनी निरोप पाठवला होता की दोन कोरियांमधली ३८ अक्षांशाची रेषा ओलांडली तर चीन उतरेल. कुणी ऐकलं नाही, चीन उतरला. सैनिकांना नाव दिलं जनतेचे स्वयंसेवक, म्हणजे अधिकृतपणे चीन लढतच नव्हता! खोट्या ओळखपत्रांची आयडिया काही नवी नाही.

मग १ फेब्रुवारी १९५१ ला आमसभेचा ठराव ४९८ आला. त्यात म्हटलं होतं की कोरियात आधीच आक्रमण करत असलेल्यांना थेट मदत देऊन आणि संयुक्त राष्ट्रांच्या फौजेशी लढून चीनने स्वतःही आक्रमण केलंय. आजचा सगळा वाद त्या एका वाक्यात आहे बघा : आक्रमकाला मदत करणारा स्वतः आक्रमक होतो का? ४४ देश हो म्हणाले, ९ तटस्थ, ७ विरोधात. त्या सातांत पाच सोव्हिएत गोटातले, एक ब्रह्मदेश आणि एक भारत. तटस्थ नाही बरं का, सरळ विरोधात.

नेहरूंचं म्हणणं असं की चीनवर शिक्का मारला की बोलणी संपली, आणि बोलणी संपली की युद्ध लांबतं. लांबलं खरंच, आणखी अडीच वर्षं. पण ते त्या ठरावामुळे लांबलं असं मला वाटत नाही, स्टालिन असेपर्यंत ते संपणार नव्हतंच. त्याच ठरावाच्या पाठोपाठ मे १९५१ मध्ये चीन आणि उत्तर कोरियाला शस्त्रं विकण्यावर बंदी घालायची शिफारस झाली. आणि अकरा वर्षांनी त्याच चीनने आपल्यावर हल्ला केला तेव्हा आपल्या बाजूने कोण कोण बोलतं हे आपण मोजत बसलो होतो, हेही लक्षात ठेवलेलं बरं.

आज उत्तर कोरियाच्या शस्त्रांबद्दल आपल्याला स्वतःचं दुखणं आहे, म्हणून मला आपलं मौन खटकतं. कारगिलचं युद्ध चालू होतं, १९९९ च्या जूनअखेर कू वोल सान नावाचं उत्तर कोरियाचं जहाज साखर उतरवायला गुजरातच्या कांडला बंदरात लागलं. कस्टमवाल्यांना खोक्यांचा संशय आला. कागदावर लिहिलेलं पाणी शुद्ध करायची यंत्रसामग्री. जहाजाचे लोक खोकी उघडू देईनात, झटापट झाली, शेवटी उघडली तर आत क्षेपणास्त्राचे भाग, ड्रॉइंग, ते बनवायची मशिनरी, म्हणजे जवळजवळ अख्खा कारखानाच, आणि पहिला संशय पाकिस्तानवर गेला, नंतर मात्र माल लिबियाकडे चालल्याचं पुढे आलं. पण तो संशय उगाच नव्हता, पाकिस्तानचं घौरी हे क्षेपणास्त्र उत्तर कोरियाच्या नोडाँगवरून बेतलेलं. आता रशियाकडून बदल्यात प्योंगयांगला पैसा, तेल आणि तंत्रज्ञान मिळणार असेल तर ते तंत्रज्ञान पुढे कुठे कुठे जाईल याची काळजी सोलपेक्षा दिल्लीला कमी असायचं कारण नाही. युक्रेनवर बोलायचं नसेल तर नका बोलू, पण १७१८ मोडला जातोय हे तरी आपण स्पष्ट म्हणायला हवं होतं असं माझं मत आहे, कारण त्या ठरावाखाली एप्रिल २०१७ मध्ये आपण स्वतः उत्तर कोरियाशी अन्न-औषध सोडून बाकी व्यापार बंद केलाय.

प्रश्न : युक्रेनने पकडलेल्या कोरियन सैनिकांचं पुढे काय होतं? परत पाठवले तर त्यांना मारतील म्हणतात. (माजी सैनिक, कोल्हापूर)

उत्तर : काका, हा प्रश्न कोल्हापुरातूनच यायला हवा होता! जानेवारी २०२५ मध्ये युक्रेनने दोघांना जिवंत पकडलं. त्यातल्या एकाने पुढच्याच महिन्यात दक्षिण कोरियाच्या वर्तमानपत्राला सांगितलं की मला दक्षिणेत जायचंय. सोल घ्यायला तयार आहे. पण जिनिव्हा कराराचं ११८ वं कलम म्हणतं लढाई संपली की युद्धकैद्याला विनाविलंब मायदेशी पाठवा, आणि मायदेश जर शरण येण्यालाच गद्दारी मानत असेल तर काय, याचं उत्तर त्या कलमात नाही.

१९५३ ला हाच तिढा हजारोंच्या संख्येने होता. युद्धबंदी झाली, पण साडेबावीस हजारांहून जास्त चिनी आणि उत्तर कोरियन कैदी म्हणाले आम्ही परत जात नाही. त्यांना सांभाळायचं काम कुणावर आलं, तर भारतावर. जनरल थिमय्या आयोगाचे अध्यक्ष आणि प्रत्यक्ष कैद्यांचा ताबा असलेल्या भारतीय फौजेचे प्रमुख तुमच्याकडचे मेजर जनरल शंकरराव पांडुरंग थोरात. दोन्ही बाजूंच्या मधल्या पट्ट्यात हिंद नगर नावाची वस्ती उभी केली होती. दोन्हीकडचे लोक तिथे येऊन कैद्यांना समजावायचे, कैदी दगड मारायचे, आपल्या जवानांना शिव्या दोन्हीकडून. शेवटी कैद्यांपैकी ८८ जणांनी चीन-उत्तर कोरियाही नको आणि फॉर्मोसा (म्हणजे तैवान)-दक्षिण कोरियाही नको म्हणून सांगितलं, ते १९५४ ला जहाजाने भारतात आले.

भारताने १९५१ ला विरोधात मत दिलं नसतं तर चीनने आपल्याला मधे उभं राहू दिलं असतं का? बहुतेक नाही. प्राध्यापिकाबाईंना वर दिलेल्या उत्तराला ही दुसरी बाजू आहे, आणि ती मी लपवणार नाही. पण मग गप्प राहायचं तर असं काहीतरी काम पदरात घ्यावं लागतं, नुसतं गप्प राहून ते आपोआप मिळत नाही.

प्रश्न : तुर्कस्तानने पाकिस्तानला ड्रोन दिले तेव्हा आम्ही मार्केट यार्डात तुर्की सफरचंद घेणं बंद केलं. हा निषेधच ना? (फळांचे व्यापारी, पुणे)

उत्तर : हो दादा, आणि स्वतःच्या खिशाला चाट लावून केलेला, म्हणून मला त्याचं कौतुक आहे. मे २०२५ चं ते. पण तो तुमचा निषेध होता, सरकारचा नव्हे. सरकारने तेव्हा तुर्की कंपनीची विमानतळांवरची सिक्युरिटी परवानगी काढून घेतली, ती वेगळी पायरी. सफरचंदं मग इराणहून मागवलीत का? तोच इराण, ज्याने रशियाला शाहेद ड्रोन दिले आणि आधी इन्कार करून नोव्हेंबर २०२२ मध्ये त्याच्या परराष्ट्रमंत्र्याने थोडे दिले होते, पण युद्धाच्या आधी, असं कबूल केलं. सफरचंद खाताना माणसाने किती विचार करायचा! काश्मीर-हिमाचलचीच बरी.

प्रश्न : आमच्या नात्यातला मुलगा एजंटमार्फत रशियात नोकरीला जायचं म्हणतोय. पगार चांगला सांगतात. आपली मुलं तिकडच्या सैन्यात अडकली असं वाचलं. मग भारतही रशियाला सैनिक देतो असं जग म्हणेल का? (गृहिणी, जळगाव)

उत्तर : ताई, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी : नाही. उत्तर कोरियात सरकारने हुकूम देऊन पलटणी पाठवल्या, इथे दलालांनी पोरांना फसवून नेलं आणि सरकार त्यांना सोडवायला भांडतंय, कायद्याच्या नजरेत हे दोन वेगळे विषय आहेत. पंतप्रधानांनी जुलै २०२४ मध्ये मॉस्कोत हा विषय काढला होता.

पण मुलाला थांबवा. हेल्पर, सिक्युरिटी, किचन असं सांगून नेलं आणि पोचल्यावर रशियन भाषेतल्या कागदावर सह्या घेऊन पुढे आघाडीवर पाठवलं, अशी उदाहरणं आहेत, सीबीआयने मार्च २०२४ मध्ये अशा दलालांवर गुन्हे नोंदवलेत. परराष्ट्र खात्याने १७ जानेवारी २०२५ ला दिलेला आकडा : एकूण १२६ भारतीय, ९६ परत आले, १२ मेले, उरलेल्या १८ पैकी १६ चा पत्ताच नाही. परदेशी नोकरी लावणाऱ्या एजंटची परराष्ट्र खात्याच्या ई-मायग्रेट पोर्टलवर नोंद आहे का बघा, नंबर मागा, नसेल तर एक रुपया देऊ नका. आणि कॉन्ट्रॅक्ट रशियन भाषेतच असेल आणि भाषांतर द्यायला टाळाटाळ करत असतील तर पासपोर्ट हातात देऊ नका. मुलाने ऐकलं नाही तर त्याला मला फोन करायला सांगा, नंबर ऑफिसमधून मिळेल.